पुलावर थांबलेल्यांचे आभार

जिची पुस्तकं वाचत मी मोठी झाले, त्या लेखिकेने माझं अप्रकाशित आत्मकथन वाचायला होकार दिला होता. लालबागची चाळ, वडिलांची गिरणी, १९८२ चा संप आणि त्यानंतरचं आमचं घर, सगळं शाईच्या पेनाने लिहिलेलं. ते द्यायला साहित्य सहवासात, म्हणजे वांद्र्याच्या लेखकांच्या वसाहतीत, निघाले आणि वांद्रे स्टेशनच्या पुलावर, ऐन पावसात, पिशवीचा बंद तुटला. पानं सगळ्यांच्या पायांखाली.

ऑफिसच्या वेळेला मुंबईत कोण थांबतं? पण थांबले. कॉलेजच्या दोन मुलींनी छत्र्या आडव्या धरून गर्दी वळवली, एका काकांनी वाकून वाकून पानं वेचली. (त्यांची लोकल नक्की चुकली असणार.)

खरं काम झेरॉक्सवाल्या दादांनी केलं. बऱ्याच पानांवरचे आकडे पुसले गेले होते. त्यांनी पानं पंख्याखाली पसरली, वर स्टेपलर, पंचिंग मशीन, चहाचा ग्लास, मिळेल ते ठेवलं आणि एका पानाची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशी जुळवत क्रम लावला. मध्येच म्हणाले, "ताई, शिलाई मशीन विकलं का मग?" माझा पहिला वाचक! "मूळ प्रत कुणाला द्यायची नाही," असं दटावून स्पायरल केलेली झेरॉक्स हातात दिली. पैसे फक्त कागदाचे घेतले.

बाईंनी प्रत ठेवून घेतली आहे, सवडीने वाचतील. तुमची कुणाची नावं मला ठाऊक नाहीत, पण मनापासून आभार. आणि दादा, मशीन विकलं नाही. आई अजून त्यावर ब्लाउज शिवते.