नोट्स आधी ऐकून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी एकवीस वर्षे इतिहास शिकवते आहे. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाची एक दृष्टिहीन विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅम, तुमच्या नोट्स एकदा ऐका ना." तिने इअरफोनचे एक टोक माझ्या हातात दिले. पेशवेकालीन महसूल पद्धतीवरचे ते टिपण मी मन लावून तयार केले होते. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय, ते वाचत होता: "डॉलर, कॅपिटल एम, स्लॅश, कंस..." मराठीचा एक शब्द कानावर पडेना. टिपण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. असे फॉन्ट पडद्यावर देवनागरी दाखवतात, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. दुसरी फाइल पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या पानांची होती. ती उघडल्यावर फोनने पानाचा क्रमांक सांगितला आणि तो गप्प झाला.

"रूममेट वाचून दाखवते, पण तिचीही परीक्षा आहे," ती म्हणाली. सहा महिने ती अशीच अभ्यास करत होती आणि मला पत्ताही नव्हता.

मग मी सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणल्या. कन्व्हर्टरने रफार आणि जोडाक्षरे मोडली, ती हाताने दुरुस्त केली. स्कॅन केलेली पाने गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली की बराचसा मजकूर मिळतो, हे तेव्हा कळले. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, तो 'हेडिंग' म्हणून ठरवावा लागतो. तरच ऐकणाऱ्याला एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाता येते. आता वाघोलीहून पीएमपीने येणारा एक मुलगाही याच नोट्स बसमध्ये ऐकतो. त्याला वाचताना ओळी सापडत नाहीत.

यातले काहीही मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नव्हते. मी प्राध्यापकांसाठीचे दोन रिफ्रेशर कोर्स केले. एकात 'समावेशक शिक्षण' या विषयाला एक तास होता. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, उच्च शिक्षणातल्या किमान 5 टक्के राखीव जागा, सगळे सांगून झाले. शेवटी पर्यायी प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र मिळाले, ते पदोन्नतीच्या फाइलला लागले. त्या राखीव जागेवर आलेली मुलगी सोमवारी वर्गात काय वाचणार, हा प्रश्न कोणी काढलाच नाही.

माझी मागणी एका पूर्ण दिवसाची आहे. प्रत्येक प्राध्यापकाने आपली नेहमीची एक फाइल आणावी, पडदा बंद करून ती एनव्हीडीए या संगणकावर मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकावी आणि दुरुस्त करूनच घरी जावे. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. शिकवायला दृष्टिहीन माजी विद्यार्थ्यांना बोलवावे आणि इतर तज्ज्ञांना देतात तेवढेच मानधन द्यावे. पुस्तकाचे रूपांतर केले तर कॉपीराइटचे काय, या भीतीने बरेच सहकारी मागे राहतात. दिव्यांग वाचकांसाठी विनानफा तत्त्वावर असे रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, हेही त्याच दिवशी सांगावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या रिफ्रेशरचे वेळापत्रक ठरेल तेव्हा विद्यापीठाने हा दिवस त्यात धरावा, ही विनंती. माझी ती पहिली, न दुरुस्त केलेली फाइल मी जपून ठेवली आहे. सहकाऱ्यांना ऐकवायला ती घेऊन यायची माझी तयारी आहे.

– एक प्राध्यापिका, पुणे