दादाच्या खोलीची कडी

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी दादाच्या खोलीला बाहेरून लावायच्या कडीचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. आई म्हणाली, "लांब बसून बोलायला काय जातंय!" खरंय तिचं. म्हणून बोलण्यापेक्षा लिहिते.

मेलबर्नमधल्या ज्या घरात मी काम करते, तिथे चार दिव्यांग माणसं राहतात. मी लागले तेव्हा तिथल्या फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली आमच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला. कारण एकच, पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांना बोलता येत नाही. रात्री उठून हाताला लागेल ते खायचे, एकदा कच्चं चिकनसुद्धा. कुलूप लागल्यावर ते फ्रिजच्या दारावर कपाळ आपटायला लागले. मग शांत करायची गोळी. एकामुळे बाकीच्या तिघांनाही दुधासाठी आम्हाला हाक मारावी लागे. मला यात वावगं असं काही दिसलंच नाही. मी आपल्याच घरात वाढलेय ना.

इथल्या सरकारने २०१८ च्या नियमांत अशा निर्बंधांचे पाच प्रकार ठरवलेत: एकट्याला कोंडणं, वागणं आवरायला औषध देणं, साधनाने जखडणं, हातांनी धरून ठेवणं आणि वस्तूपर्यंत किंवा जागेपर्यंत जाऊ न देणं. आमचं कुलूप पाचव्यात, गोळी दुसऱ्यात. हेतू बघतात. व्हीलचेअरचा पट्टा नीट बसता यावं म्हणून असेल तर चालतो. माणसाने उठू नये म्हणून तोच पट्टा बांधला की तो निर्बंध. सरसकट बंदी नाही. पण तज्ज्ञाने केलेली योजना हवी, राज्याच्या नियमांप्रमाणे परवानगी हवी आणि एनडीआयएस या इथल्या दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनेतल्या सेवांवर देखरेख करणाऱ्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनला दर महिन्याला कळवायचं. परवानगीशिवाय केलं तर तेही वेगळं कळवावं लागतं. दिव्यांगांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल २०२३ मध्ये आला. १२ खंड, २२२ शिफारशी. हे निर्बंध कमी करा, असं त्यातही आहे.

पण नुसते कागद भरून कुलूप निघत नाही. आमच्याकडे तीच योजना तारीख बदलून पुढच्या वर्षी ढकलली जायची.

मग एक नवी बाई आली. ते गृहस्थ फ्रिजकडे गेले की त्या प्रत्येक वेळेच्या आधीचं तिने आम्हाला लिहायला लावलं: किती वाजता, कोण होतं, त्याआधी काय झालं. आम्ही कुरकुरलो. मी सगळ्यात जास्त. तीन आठवड्यांनी वही वाचली तर काय, आमची पाळी बदलायच्या आत आवरावं म्हणून आम्ही त्यांना साडेपाचलाच जेवायला घालत होतो. माणसाला दहा वाजता भूक लागत होती, बस्स. आता नऊ वाजता त्यांना पुन्हा खायला देतो, खालचा कप्पा त्यांचा आहे. आधी दिवसा कुलूप काढलं, मग रात्री. अजून कधीतरी गडबड होते. पण कपाळावरचं टेंगूळ गेलंय.

बाबा, कडी तुम्ही बसवलीत ती दादा रस्त्यावर पळाला त्या दिवशी. ते मी विसरले नाही. पण माझ्या मैत्रिणी यायच्या तेव्हा ती मी लावायचे, आणि त्याचं कारण रस्ता नव्हतं. तो आतून दार वाजवायचा आणि मी रेडिओ मोठा करायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आज लगेच कडी काढा, असं मी म्हणत नाहीये. इथे आम्ही पाळीपाळीने चौघं असतो, तिथे तुम्ही दोघंच, आणि बाबांचे गुडघे तसे. आई, तू फक्त पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेव. कडी कधी लावली, त्याआधी दादा काय करत होता, किती वेळाने काढली. रविवारी फोन करेन तेव्हा वाचून दाखव. आणि तेव्हा दादालाही शेजारी बसव.

तुमची,
धाकटी