कोयना खोऱ्याच्या जुन्या नकाशासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयातला कोयना खोऱ्याचा नकाशा आता उघडायचीही भीती वाटते. घड्यांवर कागद तुटलाय, मागचे कापड सुटलेय आणि गेल्या पावसाळ्यात वासोटा किल्ल्याच्या बाजूला बुरशी धरली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, इंचाला एक मैल प्रमाणाचा हा नकाशा कोयना धरणाच्या आधीचा. त्यात धरणाचा शिवसागर जलाशय नाही! आज बामणोलीहून लाँच जाते तिथे नदी, शेतं, वाड्या आणि पायवाटांच्या तुटक रेघा आहेत.

अण्णांनी तो रद्दीतून पदरच्या पैशाने सोडवून आणला, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. माईंनी लोखंडी कपाट दिले, कोणी न मागता. सरांनी निवृत्तीनंतर भिंग घेऊन बसून गावांची सूची हाताने लिहिली, तशी सूची दुसरीकडे असेल असे आम्हाला वाटत नाही (अभिमान आहेच!). कोकणात उतरणाऱ्या मोडलेल्या घाटवाटा आपल्या मुलांनी याच नकाशाच्या कंटूरवरून (समान उंची दाखवणाऱ्या रेषांवरून) हुडकल्या. धरणामुळे रायगड, ठाणे, सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांतली नातवंडे आजोबांचे गाव शोधत येतात. त्यांना आता ‘नकाशा दाखवता येत नाही’ असे सांगावे लागते.

मागच्या वर्षी याच कामासाठी लिहिले होते. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पावत्या मोजक्याच फाटल्या. डोंगरभटकंतीतले शिखरावरचे फोटो मात्र रोज येतात. असो. ‘लॅमिनेशन करून टाका’ असे सुचवणाऱ्यांना विनंती, की ते पुन्हा सोडवता येत नाही आणि कागद कायमचा जातो.

बुरशी काढणे, जुने कापड उतरवणे, कागदातले आम्ल घालवणे, जपानी कागद व गव्हाच्या खळीने सांधणे, स्कॅनिंग आणि नकाशा न दुमडता ठेवायचे सपाट खण, मिळून खर्च ६४,००० रुपये; जमा १९,५००. हे काम करणाऱ्या कागद-संवर्धकांनी पावसाच्या आत नकाशा मागितला आहे, म्हणून रक्कम ३१ मेपर्यंत हवी. चेक संस्थेच्या नावे, रोख फक्त कार्यालयात, शनिवारी संध्याकाळी ६ ते ८. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ऑनलाइन पाठवणाऱ्यांनी ‘नकाशा’ असे लिहावे, नाहीतर रक्कम वर्गणीत जमा होते आणि खजिनदार माझ्यावर चिडतात. घरी जुने नकाशे असतील तर तेही दाखवायला आणा, परत मिळतील.

आपला,
कार्यवाह