सुरुंगाला भूक नसते, पोरी

आदरणीय काका,

सा. न.

हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे ते तुमच्या परवानगीनं. नाव, गाव, पलटण यातलं काही घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे.

आपल्या सोसायटीत १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की तुम्हाला शाल, श्रीफळ मिळतं, टाळ्या होतात. मला तुमचे आभार मानायचे आहेत ते सैन्यात असताना सुरुंगात गेलेल्या तुमच्या पायासाठी नव्हे. सहा रविवार तुम्ही माझ्याबरोबर एक इंग्रजी कवी वाचलात आणि त्याच्यावरून माझ्याशी भांडलात, त्यासाठी.

एम.ए.च्या प्रकल्पाला मी युद्धकवितेतली चेतनगुणोक्ती हा विषय घेतला होता. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन केलं की चेतनगुणोक्ती अलंकार, हे शाळेतच पाठ झालेलं. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रजी कवीच्या कवितांत अशा जागा खूप. त्याच्या संगिनीला रक्ताची भूक आहे. त्याच्या आंधळ्या, बोथट गोळ्या पोरांच्या काळजात तोंड खुपसायला आसुसलेल्या आहेत. काडतुसांना बारीक दात आहेत. आणखी एका कवितेत मरणारे सैनिक कुणी येशूला, कुणी आईबापांना, कुणी प्रेयसीला हाक मारतात आणि त्यांच्या त्या हाकांवर बंदुका, तोफगोळे, संगिनी हसतात. अशा ओळी मी वहीत उतरवल्या होत्या, प्रत्येकीपुढे अलंकाराचं नाव आणि ‘परिणामकारक’ असा शेरा. पार्किंगमधल्या बाकावर तुम्ही विचारलंत, काय लिहितेस, म्हणून मी मराठीत सांगत गेले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “सुरुंगाला भूक नसते, पोरी. सुरुंग कुणीतरी पुरतो. हातानं. वरची माती सारखी करतो, पाला टाकतो, आणि घरी जाऊन जेवतो.”

मग घरातून ते जुनं कात्रण आणून दाखवलंत. ‘सुरुंगाने जवानाचा पाय हिरावला.’ वाक्याचा कर्ता सुरुंग. त्या रात्री मी आपली मराठी आठवत बसले. युद्ध पेटलं, तोफा धडाडल्या, तलवार रक्ताला तहानली, काळानं घाला घातला. सगळं आपोआप झाल्यासारखं. पेटवणारा, बत्ती देणारा, तलवार उपसणारा वाक्यातून केव्हाच निसटलेला असतो.

दुसऱ्या दिवशी संगिनीची कविता पुन्हा काढली, तेव्हा पहिल्याच शब्दांनी अडवलं. पोराला या पात्यावरून बोट फिरवून बघू द्या, असं तिथं कुणीतरी म्हणत आहे. पुढे काडतुसंही द्यायला सांगत आहे. म्हणजे हत्यार आपणहून पोराकडे आलेलं नाही, कुणीतरी ते त्याच्या हातात ठेवतं आहे. ओवेन शेवटी म्हणतो, या पोराचे दात सफरचंद खात हसण्यासाठी आहेत, याच्या बोटांमागे पंजे लपलेले नाहीत, देव याच्या टाचांना नख्या फुटू देणार नाही. नख्या नसलेल्या पोराला माणसं पोलादाच्या नख्या देतात, मग हत्याराची भूक ही त्या देणाऱ्याची भूक नाही का? वहीतला ‘परिणामकारक’ मी खोडला.

तिसऱ्या रविवारी आपण ओवेनची ‘डिसेबल्ड’ (अपंग) ही कविता घेतली. एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्टला मनानं खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी रुग्णालय होतं, तिथं स्वतः रुग्ण असताना ओवेननं ती ऑक्टोबर १९१७ मध्ये लिहिली. वय २४. कवितेत चाकांच्या खुर्चीत बसलेला एक तरुण आहे. पाय नाहीत, अंगातला सूट कोपरापाशी आखूड शिवलेला. बागेतून पोरांचे आवाज येतात, मग झोप आईसारखी येऊन ते आवाज त्याच्यापासून घेऊन जाते. पूर्वी याच वेळी निळसर झाडांत दिव्यांना कळ्या फुटायच्या, ते त्याला आठवतं. झोपेला आईपण आहे, दिव्यांना बहर आहे, आणि हा मात्र नुसता अंधाराची वाट पाहतो.

तुम्ही म्हणालात, “यात तो स्वतः काय करतो, ते मोज.” आपण क्रियापदं मोजली. तो फुटबॉल खेळला, प्यायला, कुणी म्हणालं किल्ट, म्हणजे स्कॉटिश पलटणीचा घागरा, घातलास तर देवासारखा दिसशील म्हणून भरती झाला. हे सगळं भूतकाळात. आता त्याच्या वाट्याला नियमांना जे शहाणपणाचं वाटेल ते आणि लोक वाढतील तेवढी दया. बायकांची नजर त्याच्यावरून सरकून धडधाकट पुरुषांकडे जाते. मधेच एक ओळ आहे, त्यानं स्वतःच आपले गुडघे टाकून दिले. तिथं तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

मग भरतीची ओळ आली. पोरगं वयाबद्दल खोटं बोलतं आणि भरतीवाले हसत हसत १९ वर्षं लिहून घेतात. “हा बघ,” तुम्ही म्हणालात, “हा हसणारा माणूस आहे. बंदूक नाही. याला कवीनं सोडला नाही.” माझ्या प्रकल्पाचं तिसरं प्रकरण या तुमच्या वाक्यावर उभं आहे.

याच कवितेत एक गंभीर गृहस्थ येतो. फळं आणतो, आभार मानतो आणि मग सैनिकाच्या आत्म्याची विचारपूस करतो. तुम्ही म्हणालात, “आमच्या वॉर्डातपण यायचा.” त्या गृहस्थासारखं पत्र होऊ नये म्हणून हे मी चार वेळा लिहिलं.

खरं भांडण झालं ते ‘इन्स्टिट्यूट’ या शब्दावर. आता हा संस्थांमध्ये काही आजारी वर्षं काढील, असं ओवेन लिहितो. तुम्ही चिडलात. खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तुम्ही राहिला होतात. ती संस्था मुंबईत १९१७ सालीच निघाली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम शिकवण्यासाठी, आणि पुढे खडकीला आली. म्हणजे ओवेन तिकडे तो शब्द लिहीत होता त्याच साली. तुम्ही म्हणालात, “बोर्ड आउट झालो, जखमेमुळे सैन्यातून काढलं, तेव्हा वाटलं, संपलं. लिंब सेंटरला कृत्रिम पाय बसवला, खडकीला मशीनवर काम शिकलो. बावीस वर्षं नोकरी केली. मी आजारी वर्षं काढली नाहीत.”

युद्ध वाईट हे सांगताना कवी मोडलेलं शरीर पुढे करतो आणि त्या शरीरात राहणाऱ्याचं आयुष्य तिथंच संपवून टाकतो, हा तुमचा आक्षेप. मला तो पटला. आपणही सरकारला पांगळं म्हणतो, आंधळा गोळीबार म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांत कोण बसलं आहे याचा विचार करत नाही. तरी ओवेनची बाजू मी सोडली नाही. त्याच काळात, त्याच रुग्णालयात भेटलेला त्याचा मित्र सिगफ्रिड ससून यानंही पाय गेलेल्या सैनिकावर कविता लिहिली. पाय गेले तर काय बिघडलं, लोक चांगलंच वागतील, असं ती कडवटपणे म्हणते. ती धारदार आहे. पण ओवेन त्या खुर्चीशेजारी थांबतो, अंधार पडेपर्यंत. शेवटी थंडी वाढते आणि प्रश्न येतो, त्याला अंथरुणावर ठेवायला ते का येत नाहीत? का येत नाहीत?

त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी प्रकल्पात जसंच्या तसं घातलं आहे. “पाय गेले म्हणून तो थंडीत बसलेला नाही. कुणी आलं नाही म्हणून बसलाय.”

वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, पुढे त्याचं काय झालं. ओवेन फ्रान्सच्या आघाडीवर परत गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला ओर्स गावाजवळच्या कालव्यावर मारला गेला. युद्ध थांबायला एक आठवडा होता. तार त्याच्या घरी पोचली ती ११ तारखेला, बाहेर युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, “पत्ता बरोबर होता म्हणायचा.” त्या वाक्याचा अर्थ मी तुम्हाला विचारला नाही.

काका, सहा रविवार दुपारची झोप मोडून तुम्ही माझ्यासाठी बसलात. माझं चुकलं तिथं चुकलं म्हणालात. पायाची गोष्ट मी एकदाही विचारली नव्हती, तरी कवितेला जेवढी लागली तेवढी तुम्ही दिलीत. मनापासून आभार.

येत्या रविवारी येते. फळं आणणार नाही. ओवेनचीच ‘एक्स्पोजर’ ही कविता आणते, मोठ्या अक्षरात छापून. त्यात हिमकण चोरपावलांनी येऊन बोटांनी सैनिकांचे चेहरे चाचपतात. तुम्ही दोन हिवाळे बर्फात काढलेत. ते तसंच असतं का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची