मुंबईत घर बघतोयस म्हणून

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेली सगळी ब्रोशर्स बघितली, बदलापूरचं, शीळ रोडचं आणि घोडबंदरचं ते बत्तिसाव्या मजल्यावरचं पण. फोनवर नीट बोलता येत नाही, मध्येच कुणीतरी येतं, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं, वेळ काढून वाच आणि वहिनींना पण वाचायला दे, कारण यातलं निम्मं त्यांच्याच साठी आहे.

तू विचारलंस की पस्तीस-चाळीस लाखात टू बीएचके कुठे मिळेल. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आत्ता नकोच. आत्ता एवढंच बघ की तुझं ऑफिस ऐरोलीला, वहिनींचं हॉस्पिटल परळला, चिरंजीव तिसरीत आणि काकूंचे गुडघे दुखतात. या चार गोष्टी कागदावर लिही आणि मग नकाशा उघड. सांगलीत आपण घर बघताना गल्ली बघतो, शेजार बघतो, इकडे पहिल्यांदा रेल्वेची लाइन बघायची, मग स्टेशन, मग स्टेशनपासून चालत किती, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट. इथे सगळे हाच क्रम उलटा करतात आणि मग दहा-दहा वर्षं दारात लटकत काढतात.

बदलापूरचा फ्लॅट खरंच चांगला आहे, हवा छान, मोकळं आहे, मला पण आवडतं ते गाव. पण मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनपासून ६८ किलोमीटर आहे ते, आणि कल्याणच्या पुढे गाड्या निम्म्या होतात, म्हणजे एक बदलापूर लोकल चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर उभं राहायचं. वहिनींची सेकंड शिफ्ट सुटून त्या घरी पोचणार कधी आणि झोपणार कधी? आणि उल्हास नदी आहे बरं तिथे, २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती ती आठवते ना, आपल्याच बाजूला येणारी गाडी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस, तुला पूररेषा मी काय शिकवणार. कुठलंही घर असो, सोसायटीच्या वॉचमनला आणि खालच्या दुकानदाराला विचार की २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते बरोबर भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

शीळ रोडवाला सेल्सचा माणूस तुला सांगेल की ऐरोली-काटई रस्ता झाला की ऑफिस पंधरा मिनिटांवर. होईल तो रस्ता, बोगदा पण होईल, मेट्रो पण होईल, पण तू राहायला जाणार या जूनमध्ये. ज्या रस्त्याचं काम चालू आहे त्याच्या भरवशावर घर घ्यायचं नाही, मी हे प्रत्येकाला सांगतो. आणि तिथून डोंबिवली स्टेशनला यायचं म्हणजे रिक्षा नाहीतर बस, संध्याकाळी तो रस्ता कसा असतो ते एकदा काटई नाक्यावर उभं राहून बघ.

घोडबंदरचं तसंच. येऊरचा डोंगर समोर दिसतो, पावसाळ्यात तर बघतच राहावं इतकं सुंदर, पण कासारवडवलीपासून ठाणे स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास पडतं आणि त्या एकाच रस्त्यावर गुजरातकडे जाणारे ट्रक, गायमुखचा घाट आणि मेट्रोचं काम. ठाणे पालिकेचं स्वतःचं धरण नाही, उन्हाळ्यात त्या भागात टँकर फिरतात, म्हणून भाडं विचारताना मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे धरलेत का तेही विचारायचं.

आता डोंबिवली. तुला वाटत असेल मी म्हणेन ये माझ्या शेजारी. मनापासून वाटतं रे तू यावंस. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे अख्खं गाव नवे कपडे घालून उतरतं, पाडव्याची शोभायात्रा इथूनच सुरू झाली, पुस्तकं, नाटक, गाणं सगळं हाताशी, काकूंना तर एका आठवड्यात मैत्रिणी मिळतील. पण सकाळची आठची फास्ट वहिनींनी रोज पकडावी असं मी सांगू शकत नाही. कल्याणहून गाडी भरूनच येते, इथली माणसं बसायला मिळावं म्हणून आधी उलटं कल्याणला जातात आणि तीच गाडी धरून परत येतात. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं शेजारच्या गाडीतल्यांना घासून खाली पडली, काही गेली. आम्ही सगळे त्याच मार्गाने रोज जातो. तुझ्या घरातल्या बाईमाणसाला बारा तास ड्युटीच्या आधी आणि नंतर ते नको.

ऐरोली तुझ्यासाठी एक नंबर, आखीव सेक्टर आहेत, नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पाण्याची कटकट नाही. पण वहिनींना रोज ठाण्याला गाडी बदलावी लागणार, आणि ठाणे स्टेशनवरचा तो पूल गर्दीच्या वेळी चढायचा म्हणजे दमछाक. शिवाय सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या जुन्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही, काकू तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतील.

म्हणून माझं मत मुलुंड ईस्ट. परळला सरळ स्लो लोकल, मध्ये बदलायचं नाही, पाऊण तास धर. परत येताना तर २०१९ पासून परळहूनच काही गाड्या सुटतात, त्यात वहिनींना बसायला मिळेल, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला ते काय असतं ते तूच विचार त्यांना. तुला ऐरोलीला जायला खाडीवरचा पूल आहे, त्यावरून बस जाते, स्वतःची गाडी घेतलीस तरी ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्याचा टोल छोट्या गाड्यांना माफ आहे, आधी त्या टोलमुळेच लोक हा विचार सोडून द्यायचे. मुंबई पालिकेचं पाणी, सपाट रस्ते, भाजी-दवाखाना-देऊळ सगळं स्टेशनच्या आसपास, म्हणजे काकू एकट्या खाली उतरू शकतील आणि वहिनी रात्री साडेदहाला उतरल्या तरी उजेडातून, दुकानांसमोरून चालत घरी येतील. माझ्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे, ब्रोशरमध्ये ती कुठेच लिहिलेली नसते. फक्त पूर्वेला डंपिंग ग्राउंड आहे, २०१८ ला बंद झालं, तरी त्या बाजूची खोली बघायची झाली तर संध्याकाळी वारा सुटल्यावर जाऊन बघ.

भाडं जास्त आहे, खोटं नाही बोलणार. बाकीकडच्या टू बीएचकेच्या भाड्यात इथे वन बीएचकेच येईल, तेही जुन्या इमारतीत. जमवा तेवढं. पण आत्ता विकत काही घेऊ नकोस, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, कर, अॅग्रीमेंट रजिस्टर कर, आणि एक पावसाळा काढ इथे. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं वाचलं असशील, पालिकेची खोटी कागदपत्रं लावून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचे, नंबर मिळवले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, त्यात कर्ज काढून राहायला आलेली साधी माणसं होती. म्हणजे नुसता रेरा नंबर बघून टोकन द्यायचं नाही, ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का ते बघायचं आणि पालिकेत जाऊन स्वतः खात्री करायची. बदलापूरवाल्याला तू अजून एक रुपयाही दिला नाहीस ना? दिला नसशील तर देऊ नकोस.

येताना वहिनींना घेऊनच ये, एकटा येऊन ठरवू नकोस. रविवारी नको, रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक असतो आणि गर्दीपण खरी कळत नाही. सोमवार-मंगळवार काढ, आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये, सकाळी मुलुंडहून परळला तुम्ही दोघं गर्दीच्या वेळीच जाऊन बघा, संध्याकाळी आपण घरं बघू, माझ्या ओळखीचा एक एजंट आहे तिथे, एका महिन्याचं ब्रोकरेज घेतो पण माणूस सरळ आहे. डिपॉझिट किती जमेल आणि शाळा मराठी की सेमी इंग्रजी ते मात्र या आठवड्यात कळव, म्हणजे शाळेची चौकशी मी आधीच करून ठेवतो, अॅडमिशन थांबत नाहीत.

काकूंना नमस्कार सांग. येताना भडंग आण.

तुझाच,
डोंबिवलीकर