'काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं' म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचा फोन संपला आणि लगेच मोबाइल कंपनीचा मेसेज आला. प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणाला १ ते ५ मध्ये गुण द्या. मी ५ दाबलं. त्यापुढे काही लिहायला जागाच नव्हती. नंतर पुन्हा तोच नंबर लावून तुमच्याशी बोलायचंय म्हटलं, तर कळलं की त्याच प्रतिनिधीशी परत जोडून देता येत नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. 'टॅबवर बोलायला शिकणारे बाबा' एवढी खूण तुम्हाला पुरेल.

बाबांना झटका येऊन आता सहा महिने होतील. मेंदूच्या डाव्या बाजूला. हातापायांत हळूहळू ताकद आली, पण वाचा गेली. समजतं सगळं, माणसं ओळखतात, कोण आलं कोण गेलं याकडे लक्ष असतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही महिने फार मोलाचे, या दिवसांत जेवढा सराव होईल तेवढा पदरात पाडून घ्या. स्पीच थेरपिस्ट मिळाल्या त्या लांबच्या, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं, व्हिडिओ कॉलवर. घरात ब्रॉडबँड नाही. माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि कॉल टॅबवर घ्यायचा.

टॅबच का, हे मी प्रत्येक वेळी फोनवर समजावून सांगत होते आणि कोणी ऐकून घेत नव्हतं. बाबांना थेरपिस्टचे ओठ दिसायला हवेत. प, ब, म हे ओठांचे वर्ण. ओठ मिटतात आणि उघडतात ते डोळ्यांना दिसतं, म्हणून बघून बघून करता येतं. क आणि ग मागे घशाशी होतात, ते दाखवायचे कसे? म्हणून आमची सुरुवात 'बा' पासून झाली. फोनच्या पडद्यावर ते ओठ नखाएवढे दिसायचे. बाबा डोळे बारीक करून बघायचे आणि दोन मिनिटांत मान फिरवून घ्यायचे.

पहिल्याच महिन्यातली एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. थेरपिस्टनी 'बा' म्हणायला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. आवाज गेला. पडद्यावर नुसतं उघडं तोंड. बाबा समोर तसंच तोंड उघडून बसले. त्यांना वाटलं, असंच धरून ठेवायचंय. दहा सेकंद, वीस सेकंद. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, आईने रुमालाने टिपली, तरी ते तोंड मिटेनात, नजर टॅबवर खिळलेली. शेवटी मीच टॅब उलटा ठेवला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी सरावाला हातच लावू दिला नाही.

आणि हे एकदा नाही झालं. महिन्यातले पंधरा दिवस हेच. मग आपोआप सुरळीत, मग पुन्हा तेच.

तुमच्या आधी मी पाच जणांशी बोलले. त्याआधी चॅटवर विचारलं होतं, तिथून प्लॅनच्या पानाची लिंक आली, ज्यावर ठळक अक्षरांत 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं. पहिल्याने सांगितलं, मॅडम, तुमचा प्लॅन अनलिमिटेड आहे, तुमच्या भागात नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं, अहो, त्याच फोनवर कॉल घेतला तर चालतो, टॅबवर घेतला तरच अडकतो, मग नेटवर्कचा प्रॉब्लेम कसा? तक्रार नोंदवली, दोन दिवसांनी 'तक्रारीचं निराकरण झालं आहे' असा मेसेज. कोणी केलं, काय केलं, देव जाणे. दुसऱ्याने सांगितलं की या प्लॅनवर हॉटस्पॉट चालतच नाही. तेव्हा तो चालू होता, माझ्यासमोर. तिसऱ्याने नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करायला लावल्या. चौथ्याने मोठा प्लॅन गळ्यात मारला, 'यात हॉटस्पॉटसुद्धा अनलिमिटेड' असं दोनदा सांगून. मी घेतला. बाबांसाठी काय पाहिजे ते द्यायला तयार होते. पुढच्या महिन्यात चित्र पुन्हा थिजलं, आणि मी फोन केला तर पाचवी व्यक्ती मलाच विचारते, 'असं तुम्हाला कोणी सांगितलं?'

पाच जण, पाच उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर ठणकावून दिलेलं. 'हे मला नक्की माहीत नाही' एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नाही. माझा राग चुकीच्या उत्तरावर कमी आहे आणि त्या ठामपणावर जास्त आहे. चुकीच्या खात्रीपायी आमचे दोन-अडीच महिने गेले, आणि ते महिने परत मिळणारे नव्हते.

मग तुमच्याशी बोलणं झालं. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो असा: 'मॅडम, हे बिघडतं ते कोणत्या तारखांना?'

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. पण बाबांच्या सरावाची वही होती माझ्याकडे. त्यात प्रत्येक सत्राची तारीख, कोणता वर्ण घेतला, किती वेळा जमला, आणि जिथे अडलं तिथे 'नेट गेलं' असा शेरा. मी पानं उलटत तारखा वाचत गेले, तुम्ही पलीकडे लिहून घेत होतात. मग म्हणालात, तुमचं बिलिंग सायकल ९ तारखेला सुरू होतं. ९ तारखेपासून सत्रं मोजा बरं. मी बोट ठेवून मोजली. सहा नीट, सातव्यापासून शेरे. मागचा महिना, सहा नीट. त्याच्या मागचा, सहा नीट. अंगावर काटा आला. उत्तर माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं.

पुढचा हिशेब तुम्ही माझ्याबरोबर मांडलात. चांगल्या चित्राच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला साधारण १.२ मेगाबिट यायला लागतात आणि तेवढेच जायला. म्हणजे ४५ मिनिटांना जवळजवळ ८०० एमबी. हॉटस्पॉटला आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला ५ जीबी, फोनच्या डेटापासून वेगळे मोजलेले. सहा सत्रांत ते संपत येतात, सातव्याची पहिली सात-आठ मिनिटं कशीबशी निघतात, आणि मग वेग १२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटवर येतो. जिथे १.२ मेगाबिट म्हणजे १,२०० किलोबिट लागतात तिथे १२८. चित्र थिजणार नाही तर काय होईल? अनलिमिटेड होतं ते एवढंच की १२८ च्या वेगाने कितीही वापरा.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत जे सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडलं नव्हतं. 'हा मोठा प्लॅन तुम्ही ज्यासाठी घेतलात ते यात नाही. हॉटस्पॉटची मर्यादा यातही तेवढीच आहे. जुन्या प्लॅनवर परत जा.' टॅबच्या कडेला सिमसाठी खाच आहे का तेही तुम्हीच बघायला सांगितलंत. होती. आम्ही ती कधी उघडलीच नव्हती. टॅबसाठी वेगळं डेटा-सिम घेतलं की हॉटस्पॉटचा प्रश्नच उरत नाही, आणि जुना प्लॅन आणि हे सिम दोन्ही मिळून मोठ्या प्लॅनपेक्षा स्वस्तच पडतात. कंपनीचा माणूस कंपनीलाच कमी पैसे द्यायला सांगतोय, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

एवढ्यावर मी तुमचे आभार मानले, ५ दाबले, आणि माझ्या लेखी विषय संपला होता.

पत्र लिहावंसं वाटलं ते दुसऱ्या दिवशीच्या फोनमुळे. अनोळखी नंबर. आवाज ओळखीचा. 'मॅडम, काल आपलं बोलणं झालं होतं. काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, चूक माझी आहे.'

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता हेही सिम चालणार नाही, आता नवीन काहीतरी विकणार. तुम्ही म्हणालात, काल मी सांगितलं की डेटा-सिमची मर्यादा ओलांडली तरी वेग कापला जात नाही. ते खरं आहे. पण घरी गेल्यावर माझ्या मनातून ते जाईना, आज येऊन अटी पुन्हा वाचल्या. त्यात प्राधान्याचा एक मुद्दा आहे, तो काल मी वाचून सोडून दिला होता. मर्यादा ओलांडल्यावर टॉवरवर गर्दी असेल तेव्हा तुमचा नंबर रांगेत मागे लागतो. एरवी काही फरक नाही, गर्दीतच. आणि तुमची सत्रं संध्याकाळी सातला असतात ना? ती गर्दीची वेळ. शक्य असेल तर सकाळी घ्या.

'संध्याकाळी सातला असतात ना.' ताई, हे मी तुम्हाला आदल्या दिवशी बोलता बोलता एकदाच सांगितलं होतं. ते तुमच्या लक्षात राहिलं होतं.

तो फोन तुम्ही केला नसतात तर कोणाला काही कळलं नसतं. तक्रार बंद झालेली, गुण मिळालेले. तीन आठवड्यांनी एखाद्या संध्याकाळी चित्र अडखळलं असतं, आणि मी तुम्हालाही त्या पाच जणांच्या रांगेत नेऊन बसवलं असतं. ती चूक उघडी पडायच्या आत तुम्ही स्वतः येऊन सांगितलीत. माझ्या ओळखीत शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं आहेत, ज्यांच्या तोंडून 'चूक माझी' हे दोन शब्द मी आजवर ऐकले नाहीत. तुम्ही ते एका अनोळखी ग्राहकाला, आपणहून फोन करून म्हणालात. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईला वाटलं बाबांचं काहीतरी.

त्या पाच जणांना मी वाईट माणसं म्हणणार नाही. तुमच्या कामात प्रत्येक कॉलची मिनिटं मोजली जातात, समोर लिहून दिलेली उत्तरं असतात, हे मला माहीत आहे. ज्यांनी 'अनलिमिटेड' ठळक छापायचं आणि ५ जीबी खाली बारीक अक्षरांत ठेवायचं ठरवलं, त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. फोन उचलणाऱ्याला ते धड शिकवायचंही नाही आणि शिव्या मात्र त्यानेच खायच्या. पण ताई, मिनिटं तुमचीही मोजली जात होती. आपलं पहिलं बोलणं ३८ मिनिटं चाललं, माझ्या फोनमध्ये नोंद आहे. मी वहीची पानं उलटत असताना तुम्ही गप्प थांबलात, होल्डवर टाकलं नाहीत, घाई केली नाहीत. पलीकडे तुमच्या शेजारचे आवाज ऐकू येत होते, आणि मधेच तुम्ही हळूच 'हं, सावकाश' म्हणालात.

या सहा महिन्यांत अशी आणखी दोन-तीन माणसं भेटली. वॉर्डमधल्या एक नर्स, ज्यांनी औषधांच्या वेळा आईला दिसाव्यात म्हणून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिल्या. एक फिजिओथेरपिस्ट, ज्याने 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, तुम्ही दुसरीकडे दाखवा' असं सांगून स्वतःची फी सोडली. आपल्या वाट्याचं काम नीट करणारी माणसं. घरात आजारपण असलं की अशा माणसांवर घर उभं राहतं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, नर्सबाईंचं तर नावही विचारलं नाही. तुमच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नव्हतं.

आता थेरपिस्टनी सकाळी दहाची वेळ दिली आहे. सकाळी बाबाही ताजे असतात, ते वेगळंच.

परवा जुन्या हिशेबाने सातवं सत्र होतं. मी वहीत तारखेला आधीच खूण करून ठेवली होती आणि उठल्यापासून कशात लक्ष नव्हतं. दहा वाजता कॉल लागला. सात-आठ मिनिटं झाली. पंधरा झाली. अर्धा तास झाला. पडद्यावरचे ओठ मिटत होते, उघडत होते, एकदाही अडले नाहीत. बा, बाक, बाळ. बाबा मागोमाग ओठ हलवत होते, आवाज कधी निघत होता, कधी नाही. चाळिसाव्या मिनिटाला ते दमले, मान खाली घातली. थेरपिस्ट म्हणाल्या, काका, अजून एकदाच. बाबांनी मान वर केली, टॅबकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले, आणि स्पष्ट म्हणाले, 'बास.'

त्या थांबल्या. आई हातातलं काम टाकून दारात आली. मी वही उघडली आणि जिथे दर महिन्याला 'नेट गेलं' लिहायचे, तिथे तो शब्द लिहिला आणि पुढे वेळ घातली, १० वाजून ४१ मिनिटं.