परवाना आणि प्रतीक्षायादी

टोरोंटो

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, पलीकडच्या इमारतीतल्या मावशी मायाळू आहेत, मग पोरीला त्यांच्याकडे न ठेवता परवाना असलेल्या पाळणाघराचा एवढा अट्टहास कशासाठी, असे तू मागच्या पत्रात विचारले आहेस. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही आणि त्या बेकायदा काही करतात असेही नाही. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात परवान्याविना 13 वर्षांखालील पाच मुले घरी सांभाळता येतात, मात्र त्यांत दोन वर्षांखालची तीनहून अधिक चालत नाहीत. पण ते पाहायला तक्रारीशिवाय सहसा कोणी फिरकत नाही.

परवाना असलेल्या पाळणाघरात तपासनीस न कळवता येतात. दीड ते अडीच वर्षांच्या वर्गात पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे लागते आणि वर्ग 15 मुलांपुढे नेता येत नाही. आम्ही पाहायला गेलो त्या दिवशी बर्फ पडून गेले होते. मुलांना अंगणात नेताना ताई दारातच एकेकाच्या टोपीवर हात ठेवून मोजत होत्या, आत घेतानाही पुन्हा तसेच. कोणते मूल किती वाजता आले, हेही वहीत टिपलेले होते. बाबा, तुम्हाला ती वही नक्की आवडली असती.

अडचण आहे ती जागांची. पाळणाघरे स्वस्त करण्यासाठी प्रांताने केंद्र सरकारशी 2022 मध्ये केलेल्या करारामुळे त्या योजनेत सामील झालेल्या पाळणाघरांचे शुल्क पुष्कळ उतरले आणि 2025 पासून दिवसाला 22 डॉलरची कमाल मर्यादा आली. पुढे ते सरासरी 10 डॉलरवर आणायचे आहे. शुल्क उतरताच अर्ज वाढले, परंतु खोल्या बांधल्या तरी शिक्षिका कोठून आणायच्या? पगार बेताचा असल्याने शिकून तयार झालेल्या कित्येकजणी हे काम सोडतात, आणि एक गेली की त्या वर्गातल्या पाच जागा अडतात. म्हणून एका शिक्षिकेमागे पाच मुलांचे प्रमाणच सैल करा, असे सुचवणारे येथेही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही; पगार वाढवावा.

प्रतीक्षायादीसाठी पैसे घेण्यास 2016 पासून बंदी असल्याने आम्ही चार ठिकाणी नाव घातले आहे. चौथ्या वर्षी सरकारी शाळेत दिवसभराची बालवाडी मोफत मिळेल, पण तोवर दोन वर्षे काढायची आहेत. सध्या हे आणि मी पाळ्या लावून घरून काम करतो. जागा मिळाल्याचे कळताच फोन करीन.

तुमची लेक